तळ्याकाठी तंबू कुठे ठोकायचा?

१९९६ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही कॉलेजातली पंधरा-वीस मुले निसर्ग-शिबिरासाठी तोरणमाळला गेलो होतो. तोरणमाळ तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. शहाद्याहून निघालेली एस.टी. घाट चढून वर पोचली तेव्हा उन्हे कलली होती. समोर यशवंत तलाव, काठाला मऊ गवत, जागा सपाट आणि पाणी हाताशी. जागा निवडायला आम्हाला पाच मिनिटेही लागली नाहीत. पाण्यापासून दहा पावलांवर आम्ही तंबू ठोकले.

स्वयंपाकासाठी बरोबर आलेले मामा मात्र तिथे झोपायला तयार होईनात. खाली हीव फार पडते, एवढेच ते म्हणाले. आपली वळकटी उचलून ते उतारावरच्या एका आंब्याखाली गेले. आम्ही हसलो. पहाटे चार वाजता आमचे हसू मावळले. तंबूच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत होते, पांघरुणे ओली झाली होती आणि दात वाजत होते. दिवस उगवल्यावर मामा कोरडी घोंगडी झटकत खाली आले आणि त्यांनी आमच्यासाठी चहा टाकला.

आम्ही सगळे विज्ञानाचे विद्यार्थी होतो. ‘पाणी उशिरा तापते व उशिरा निवते, म्हणून जलाशयाजवळ हवामान सम असते’ हे वाक्य शाळेपासून पाठ होते. त्या हिशोबाने तळ्याचा काठ उबदार असायला हवा होता. मग पुस्तक चुकले की आम्ही?

जळगाव थंड, महाबळेश्वर उबदार

उत्तर शोधण्याआधी आपल्याच भागातले एक कोडे पाहू. थंडीच्या लाटेत वर्तमानपत्रांतून किमान तापमानाचे तक्ते येतात. त्यात पुष्कळदा असे दिसते, की जळगाव आणि धुळे यांचा पारा महाबळेश्वरच्याही खाली गेलेला आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर, धुळे सुमारे २५० मीटरवर, तर महाबळेश्वर १३०० मीटरहून उंच. उंची वाढली की दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण शिकवतो. इथे तर उलटेच घडते!

याला दोन-तीन कारणे आहेत. खानदेश समुद्रापासून दूर आहे आणि उत्तरेकडून येणारे थंड वारे इथे आधी पोचतात. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कारण वेगळे आहे. तापीचे खोरे सखल आहे आणि रात्रीची थंड हवा सखल भागात साचते.

हे कसे घडते? सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते. ढग असतील तर त्यातली बरीच परत येते. आकाश निरभ्र असेल तर ती निघून जाते आणि जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीला टेकलेला हवेचा थरही मग थंड होतो. थंड हवा जड असते. पाच अंशांनी थंड झालेली एक घनमीटर हवा साधारण २० ग्रॅमने जड होते. फरक लहान वाटतो, पण जमीन उतरती असेल तर तेवढ्यावर ही हवा खाली घसरू लागते. पाण्यासारखीच ती घळींमधून, नाल्यांमधून वाट काढते आणि खोलगट जागी साचून राहते. अशा वेळी वर उबदार आणि खाली थंड अशी उलटी मांडणी होते. भूगोलात हिलाच आपण तापमानाची विपरीतता म्हणतो.

रावेर-यावलच्या केळी-बागायतदारांना हे पुस्तकाशिवाय माहीत असते. केळीला थंडी सोसत नाही. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की तिची वाढ खुंटते. म्हणून कडाक्याच्या रात्री बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करतात आणि विहिरीचे कोमट पाणी बागेला देतात. शेताचा सखल कोपरा आधी मार खातो, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना जरूर विचारून पाहा. उत्तर घरातूनच मिळेल. सातपुड्यात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. तेही असेच, शांत निरभ्र पहाटे, गवतावर आणि खोलगट जागी.

मग पाण्याची ऊब कुठे गेली?

आता तळ्याकडे वळू. तळे म्हटले की ते परिसरातल्या सखल जागीच असणार. म्हणजे चहूबाजूंच्या उतारांवरची थंड हवा रात्री तिथेच उतरणार.

पुस्तकातले वाक्य खोटे नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शातच एक किलो कोरडी माती तापते. निवतानाही तोच हिशोब. त्यामुळे रात्री तळ्याचे पाणी काठच्या जमिनीहून उबदार असते. पण आपला तंबू पाण्यावर नसून जमिनीवर असतो! पाण्यावरची हवा उबदार होऊन वर उठते आणि तिची जागा घ्यायला काठावरची थंड हवा पाण्याकडे सरकते. ही हवा वाटेत आपल्या तंबूवरून जाते. हतनूर किंवा गिरणा धरणासारखा विस्तीर्ण जलाशय आसपासची हवा थोडीफार सौम्य करू शकतो. डोंगरातल्या लहानशा तळ्याची तेवढी ऐपत नसते.

तळे आणखी एक गोष्ट करते. ते हवेला बाष्प पुरवते. समजा, संध्याकाळी हवा १५ अंशांवर आहे. उतारावर सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल तर दव पडायला तापमान ९.६ अंशांपर्यंत, म्हणजे पाचएक अंशांनी, उतरावे लागेल. काठावर आर्द्रता ९० टक्के असेल तर १३.४ अंशांवरच दव पडू लागेल. तिथे दीड-दोन अंशांची घट पुरते. काठावर बाष्प जास्त आणि थंडीही जास्त. आमचे तंबू ओले झाले त्यात नवल नव्हते. त्यात भर म्हणजे आम्ही थंडीच्या भीतीने तंबूची तोंडे घट्ट बांधून घेतली होती. सगळ्यांच्या श्वासातले बाष्प आतल्या थंड कापडावर जमत राहिले.

तेव्हा पहिला धडा असा. तंबू काठावर नको, पाण्याच्या पातळीहून पाच-दहा मीटर उंच अशा उतारावरच्या सपाटीवर हवा. अगदी माथ्यावरही नको, कारण तिथे वारा झोडपतो. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल वस्त्या आठवून पाहा. घरे आपापल्या शेतालगत, उंचवट्यांवर, सुटी सुटी असतात. त्यामागे इतरही कारणे आहेतच, पण हिवाळ्याच्या रात्री हा शेजार उपयोगी पडतो.

झाड कोणते?

मामा आंब्याखाली झोपले होते. झाडाचा पसारा ढगासारखे काम करतो. जमिनीची उष्णता तो अडवतो आणि काही अंशी परत पाठवतो. म्हणून झाडाखाली दव कमी पडते.

कुमाऊँमध्ये भीमतालसारख्या तळ्यांच्या परिसरात चीड या पाइन वृक्षाची जंगले आहेत. चीड सदाहरित असल्याने हे छप्पर तिथे हिवाळाभर मिळते. आपल्या सातपुड्यात साग, सालई, अंजन, पळस यांचे पानगळीचे जंगल आहे. डिसेंबरात सागाखाली थोडा आडोसा मिळेल, मार्चमध्ये त्याच सागाखाली डोक्यावर मोकळे आभाळ असेल. इथे आंबा किंवा जांभूळ शोधावे. मात्र जांभळाची फांदी ठिसूळ असते, म्हणून वाळलेली फांदी डोक्यावर नाही ना हे आधी पाहावे. वादळाची शक्यता असेल तर उघड्यावरचे एकटे उंच झाड विजेमुळे टाळलेच पाहिजे.

आगीच्या बाबतीत मात्र दोन्ही जंगले सारखीच. चीडाच्या राळयुक्त सुया उन्हाळ्यात भडकतात, तशीच सातपुड्यातली वाळलेली सागपाने फेब्रुवारी ते मे या काळात पेट घेतात. चूल मांडायची तर पाला झाडून उघड्या केलेल्या जमिनीवर, तंबूपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

आणि मोह? मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले टपकू लागली की त्या झाडाखाली तंबू नको. ती फुले अस्वलाला फार आवडतात.

पाणी कालपर्यंत कुठे होते?

आतापर्यंतची चूक झाली तर एक रात्र वाईट जाते. पुढची चूक जिवावर बेतते.

आपल्याकडची बहुतेक ‘तळी’ ही धरणे आहेत. धरणाची पातळी पावसाने वाढते, तसेच दरवाजे उघडले की खालच्या नदीचे पाणी अचानक चढते. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. खाली तापीचे पात्र कोरडे आणि वाळू मऊ दिसली, तरी वर डोंगरात काय चालले आहे हे तिथून कळत नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात, लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ती मुले सहलीलाच आली होती. नदी काही मिनिटांपूर्वी शांत होती.

म्हणून धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात किंवा पात्रातल्या बेटावर शिबिर नाहीच. कोरड्या नाल्यातही नाही. वरच्या बाजूला, तलावाकाठी, पाण्याच्या खुणा वाचाव्यात. काड्या, वाळलेले शेवाळ, पिसे यांची एक रेघ काठाने गेलेली असते. मागच्या वेळी पाणी तिथवर चढले होते. दगडांवर रंगाचा पट्टा दिसतो आणि झुडपे एका पातळीच्या खाली वाढलेली नसतात. या रेघेच्या वर जायचे. शिवाय गिर्यारोहकांचा एक जुना संकेत आहे, पाण्यापासून साधारण ६० मीटर दूर राहण्याचा. त्यामुळे आपले सांडपाणी थेट तळ्यात जात नाही आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट मोकळी राहते. ओल्या काठावर खुरांचे, पंजांचे ठसे दिसले तर ती वाट त्यांची. डासही काठापाशीच जास्त.

जमीनही तपासावी. काळी माती पावसात फुगते, चिकट होते आणि तंबूच्या खुंट्या ढिल्या पडतात. मुरमाड जमिनीत पाणी लगेच मुरते. दगडांच्या राशींजवळ विंचू आणि फुरसे असू शकतात, म्हणून तिथे झोपू नये. उतार आग्नेयेकडे तोंड करून असेल तर उत्तमच. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, तंबू लवकर वाळतात आणि मुले लवकर उठतात!

पाल परिसर यावल अभयारण्यात येतो. शिरपूर तालुक्यातल्या अनेर धरणाभोवतीही अभयारण्य आहे. अशा ठिकाणी वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. परवानगी घ्यायला जाल तेव्हा तिथल्या वनरक्षकाला जागेबद्दलही विचारा.

मुलांकडून करून घेण्यासारखे

जागा शिक्षकांनी ठरवून मोकळे होऊ नये. शिबिराचा पहिला तास मुलांना जागा शोधायला द्यावा आणि निवडीची कारणे मागावीत. मग रात्री पुढील प्रयोग करावेत.

१. दोन सारखे थर्मामीटर आधी एकाच पाण्यात बुडवून दोन्ही सारखे दाखवतात का ते पाहा. एक काठावर आणि एक उतारावर, जमिनीपासून एक मीटर उंचीवर टांगा. संध्याकाळी सहा, रात्री नऊ आणि पहाटे साडेपाच वाजता नोंदी घ्या. निरभ्र, शांत रात्री तीन-चार अंशांचा फरक मिळू शकतो. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री तो जवळजवळ नाहीसा होतो. का, ते मुलांना सांगू द्या.

२. रात्री उतारावर घोट्याच्या उंचीवर उदबत्ती धरा. धूर कोणत्या दिशेला सरकतो? नंतर डोक्याच्या उंचीवर धरून पाहा. दुपारी हाच प्रयोग केला तर दिशा उलटते का? प्रत्येक प्रयोगानंतर उदबत्ती पाण्यात बुडवून विझवा.

३. दोन सारखे कोरडे रुमाल वजन करून एक उघड्यावर आणि एक झाडाखाली अंथरा. पहाटे पुन्हा वजन करा. वाढलेले वजन म्हणजे दव.

शिबिराला जाणे जमले नाही तरी अडत नाही. शाळेच्या मैदानाचा सखल कोपरा आणि गच्ची यांतही हा फरक सापडतो. डिसेंबर-जानेवारीत आठ दिवस नोंदी घ्या आणि शेजारच्या केळीच्या बागेतल्या शेतकऱ्याला त्या दाखवा. बागेचा कोणता कोपरा आधी गारठतो, हे तो त्यावर हमखास सांगेल. ते मुलांना त्यांच्या वहीत उतरवून घेऊ द्या.