गिझर बिघडला? आधी मोजा, मग बदला

थंडीत पांढुर्णा-सौंसरकडे गिझर बंद पडला की पहिलं निदान ठरलेलं: "कॉइल गेली." त्यावर विसंबू नका, मीटर लावायला सांगा. मेन स्विच बंद करून, तारा सोडवून मोजल्यास २३० व्होल्ट, २००० वॉटच्या कॉइलचा रोध सुमारे २६ ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटली. २६ च्या आसपास आला, तर दोष थर्मोस्टॅट, कटआउट किंवा वायरिंगमध्ये शोधावा.

टाकीतून खडखड येते? बोअरच्या जड पाण्यातला चुना कॉइलवर साचतो, उष्णता अडते, कॉइल लवकर जळते. तेव्हा नव्या कॉइलसोबत टाकीही साफ करून घ्या.

पाण्याचा झटका बसला, तर मात्र आधी अर्थिंग तपासा. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या.