छबिलदासचा हॉल

दादर स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचे, फुलवाल्या-भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढायची, की दोन-तीन मिनिटांत छबिलदास गल्ली येते. श्रीकृष्णचा बटाटावडा खायला इथे येणारी माणसे आजही पुष्कळ आहेत. गल्लीला ज्या शाळेमुळे हे नाव पडले, ती छबिलदास लल्लूभाई मुलांची शाळा तिथेच उभी आहे. बाहेरून पाहिली तर मुंबईतल्या कुठल्याही जुन्या मराठी शाळेसारखी. मराठी नाटकाच्या इतिहासात मात्र 1974 नंतरच्या दीड दशकावर या शाळेचे नाव कायमचे कोरले गेले आहे. शाळेने नाटक शिकवले म्हणून नव्हे. शाळा सुटल्यावर तिचे सभागृह नाटकवाल्यांना भाड्याने मिळत असे, एवढीच गोष्ट. या साध्या व्यवहारातून केवढे काम उभे राहिले, ते आज नीट सांगितले जात नाही असे मला वाटते, म्हणून हा लेख.

त्या काळच्या मुंबईत वेगळे नाटक करू पाहणाऱ्यांची खरी अडचण जागेची होती. साठच्या दशकात वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. तिथे चित्रकारांचे स्टुडिओ होते, संगीत होते, नाटकाच्या तालमी आणि प्रयोग होते. विजया मेहता, अरविंद व सुलभा देशपांडे, विजय तेंडुलकर यांनी 1960 साली सुरू केलेली ‘रंगायन’ त्या वातावरणात वाढली. सत्तरीच्या सुरुवातीला ती वास्तू हातची गेली. मग ताडदेवच्या वालचंद टेरेसने काही काळ आसरा दिला. याच सुमारास ‘रंगायन’ही फुटली आणि 1971 मध्ये देशपांडे दांपत्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली. तिचा पहिला मोठा प्रयोग होता गिरीश कार्नाडांचा ‘तुघलक’, तेंडुलकरांच्या मराठी अनुवादात, अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली. ते भव्य नाटक होते आणि भव्य रंगमंचावरच झाले. पण असा घाट दर वर्षी घालणे कोणत्याही हौशी संस्थेला परवडणारे नव्हते.

दादरमध्ये शिवाजी मंदिर होते, 1965 पासून. मराठी व्यावसायिक नाटकाची ती राजधानीच. पण नाटकवाल्यांच्या जगात सगळे काही तारखेवर चालते. तारीख मिळाली तर नाटक आहे, नाही मिळाली तर ते तालमीच्या खोलीतच संपते. शनिवार-रविवारच्या तारखा ज्या निर्मात्यांची नाटके चालतात त्यांच्याकडे जाणार, हे उघड आहे आणि त्यात कुणाचा दोषही नाही. ज्याच्या नाटकाला शंभर माणसे येतील की तीस, हे त्याचे त्यालाच ठाऊक नाही, त्याने एवढ्या मोठ्या नाट्यगृहाचे भाडे कुठून भरायचे? मग राज्य नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायचे, स्पर्धेत एक प्रयोग करायचा, जमले तर अंतिम फेरीत दुसरा, आणि नेपथ्य मोडीत काढायचे. चांगली चांगली नाटके अशी दोन प्रयोगांत संपत.

छबिलदासने या माणसांना तारीख दिली. तीही परवडेल अशा भाड्यात, आणि पुन्हा पुन्हा मिळेल अशी.

शाळेशी नाते जुने होते. सुलभाताई याच छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांसाठी त्यांना नाटके हवी असायची आणि ती लिहून द्यायला तेंडुलकर होते. तेंडुलकरांच्या बालनाट्यांचा उगम शोधायला गेलो तर तो बराचसा शाळेच्या वर्गात सापडतो. साठच्या दशकात सुधा करमरकरांचे लिटल थिएटर आणि रत्नाकर मतकरींचे बालनाट्य मुलांसाठी मोठ्या रंगमंचावर नाटके करत होते. सुलभाताईंचे काम वेगळ्या जातीचे. मुलांनी स्वतः उभे राहायचे, बोलायचे, खेळायचे. पुढे ‘आविष्कार’ची बालशाखा म्हणून ‘चंद्रशाला’ निघाली आणि ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यात मुलांच्या किती तुकड्या येऊन गेल्या, त्याच्या मुळाशी ही शिक्षिकाच आहे.

तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधली लीला बेणारेही शाळेत शिकवते. 1967 साली हे नाटक अरविंद देशपांड्यांनी दिग्दर्शित केले आणि बेणारे उभी केली सुलभाताईंनी. हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगासाठी जातात, रिकाम्या हॉलमध्ये वेळ घालवायला खोटा खटला मांडतात, आणि बघता बघता त्या बाईचे खरे आयुष्य पिंजऱ्यात उभे राहते. नाटकात मुलांवर जीव टाकणारी बेणारे ज्या ठामपणे आपल्या शिकवण्याविषयी बोलते, तो ठामपणा सुलभाताईंकडे आयता होता. फळ्यासमोर उभे राहणाऱ्या बाईचा आवाज कसा असतो हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

तर 1974 मध्ये ‘आविष्कार’ने छबिलदासचे सभागृह घेतले. ते नाटकासाठी बांधलेले नव्हतेच. नाट्यगृहात नट गृहीत धरतो त्या सोयी तिथे नव्हत्या: खोल रंगमंच नाही, वर नेपथ्य उचलून घ्यायला जागा नाही, प्रशस्त रंगपट नाही, वातानुकूलन तर नाहीच. बाहेर दादर. फेरीवाले, गाड्या, लग्नसराईत बँड. भिंतीबाहेरचा आवाज भिंतीबाहेर राहत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायची असल्यामुळे जे मांडले ते उचलावे लागे. म्हणजे नेपथ्य हलके हवे, चार लेव्हल्स, दोन खुर्च्या, एखादा पडदा. दिवे मोजके. बाकीचे सगळे नटाने आपल्या अंगावर घ्यायचे.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते अंतर. मोठ्या नाट्यगृहात नटाला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते. आवाज, हातवारे, वाक्याचा शेवट, सगळे त्या रांगेच्या हिशोबाने घडते. मराठी नटाची एक पूर्ण घराणेदार शैली या हिशोबातून तयार झाली आहे आणि ती फार मोलाची आहे. छबिलदासमध्ये शेवटची रांगही हाकेच्या आत. नटाने नुसते मान वळवून पाहिले तरी ते सगळ्यांना दिसणार, आणि खोटे पाहिले तर तेही दिसणार. त्या काळात तिथे काम केलेल्या नटांचा पुढचा अभिनय पाहिला, सिनेमातला धरून, तर हे बारीक, आवाज न चढवता केलेले काम लगेच ओळखू येते.

रिकामी, सपाट जमीन असल्याचा दुसरा फायदा अमोल पालेकरांनी घेतला. बादल सरकारांनी बंगालीत ‘मिछिल’ लिहिले, 1974 मध्ये. रंगमंच, नेपथ्य, तिकीटविक्रीचा थाट हे सगळे बाजूला ठेवून माणसांच्या घोळक्यात नाटक घेऊन जायचे, हा सरकारांचा ध्यास. पालेकरांनी आपल्या ‘अनिकेत’ संस्थेतर्फे ते ‘जुलूस’ नावाने मराठीत आणले आणि छबिलदासमध्ये केले. प्रेक्षक एका बाजूला आणि नट दुसऱ्या बाजूला अशी फाळणीच नाही. मिरवणूक तुमच्या बाजूने जाते, घोषणा तुमच्या कानाशी होतात, पोलीस तुमच्यामधून धावतो. देशात आणीबाणी यायची होती किंवा आली होती, रेल्वेचा मोठा संप नुकताच होऊन गेला होता, दादर-परळचे रस्ते मोर्च्यांना सरावलेले होते. अशा गावात अशा वेळी हे नाटक पाहणाऱ्याला आपण नक्की कुठे उभे आहोत हा प्रश्न पडल्याशिवाय राहिला नसेल. त्याच सुमारास ‘रजनीगंधा’ चित्रपटामुळे पालेकरांचा चेहरा देशभर पोहोचला होता आणि हा गृहस्थ दादरच्या शाळेत नाटके बसवत होता.

पुण्याहून थिएटर अकॅडमी येई. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरून झालेल्या वादानंतर 1973 साली ही संस्था निघाली होती. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ 1974 चे. गेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतात, आपल्याला जुन्याच स्मशानात जाळा म्हणून अडून बसतात, आणि चाळ भोवती टाळ धरते. कीर्तन, अभंग, चाळीतली कुजबुज या मध्यमवर्गाच्या अगदी घरच्या गोष्टींतून आळेकरांनी मध्यमवर्गालाच आरसा दाखवला. हे नाटक छबिलदासच्या प्रेक्षकाने जवळून, घाम पुसत पाहिले. त्याच्या स्वतःच्या चाळीतले भाऊराव काही मिनिटांच्या अंतरावर राहत होते.

सत्यदेव दुबे हा या कहाणीतला स्वतंत्र अध्याय आहे. बिलासपूरचा हा माणूस मुंबईत आला, नाट्यदिग्दर्शक अल्काझी दिल्लीला गेल्यावर त्यांचे ‘थिएटर युनिट’ त्याने सांभाळले, हिंदीत नाटके केली आणि मराठीतही तितक्याच हक्काने केली. ‘शांतता!’चा 1971 चा चित्रपट त्याचाच. छबिलदासमध्ये दुबे येतो म्हणजे भांडणे, शिव्या, तालमी, वर्कशॉप आणि त्यातून तयार होणारी नवी पोरे. उच्चार आणि श्वास यांवर त्याने किती नटांना रगडले याची गणती नाही. भाषांच्या भिंती या माणसाने मानल्या नाहीत, आणि मराठी शाळेच्या हॉलने त्याला कधी परका धरला नाही, याचा मला एक मराठी वाचक म्हणून अभिमान वाटतो.

‘आविष्कार’चा मोठेपणा इथेच दिसतो. हॉल त्यांनी घेतला, पण तो स्वतःच्या नाटकांपुरता ठेवला नाही. दुसऱ्या संस्थांना, बाहेरगावच्यांना, काल कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांना तिथे प्रयोग करता येत. प्रयोगानंतर चर्चा होत. ज्यांचे नाटक आज झाले ते उद्या दुसऱ्याच्या नाटकाला प्रेक्षक म्हणून बसत. संस्थांमध्ये मतभेद भरपूर होते, कडूपणाही होता, पण एकमेकांचे काम पाहण्याची सक्ती या जागेने केली. एकाच छताखाली, आठवड्यामागून आठवडा, हे घडत गेले म्हणून त्याला पुढे ‘छबिलदास चळवळ’ म्हटले गेले. कुठलाही जाहीरनामा निघाला नव्हता.

हे सगळे चालवायला कुणीतरी लागते. अर्ज, भाड्याच्या पावत्या, लाइटवाला, शिपाई, तिकिटे, उशिरा येणारा नट, लवकर बंद करू पाहणारा पहारेकरी. ‘आविष्कार’मध्ये ही बाजू प्रामुख्याने अरुण काकडे यांनी सांभाळली. सगळे त्यांना काकडेकाका म्हणत. नाटकाच्या समीक्षेत व्यवस्थापकाला जागा नसते आणि ही आपली जुनी खोड आहे. लेखक-दिग्दर्शकांवर पुस्तके निघतात, पण तिसरी घंटा वेळेवर देणारा माणूस नसेल तर त्या पुस्तकांत लिहायला काही उरत नाही. काकडेकाका 2019 साली गेले, तोवर ‘आविष्कार’ हाच त्यांचा संसार होता.

छबिलदासवर एक आक्षेप त्या वेळीही होता आणि तो मला खरा वाटतो. प्रेक्षक ठरावीक होता. दादर-माहीम-पार्ल्याचा, वाचणारा, बराचसा एकमेकांना ओळखणारा. गिरणगाव चालत जाण्याच्या अंतरावर होते. 1982 च्या जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि ते जग कोसळत गेले, तरी त्या जगातला माणूस या हॉलच्या पायऱ्या फारशा चढला नाही. त्याची स्वतःची कामगार रंगभूमी होती, लोकनाट्ये होती, हेही खरे. पण दोन जगे शेजारी राहून वेगळी राहिली, ही त्या काळाची उणीव म्हणून नोंदवावी लागते. प्रयोगशीलता म्हणजे दुर्बोधता असा समजही काही नाटकांनी पक्का केला. तिथे झालेले सगळेच चांगले होते असे नाही. सगळे चांगले व्हावे अशी अट असती तर मात्र काहीच झाले नसते. पडण्याची मुभा आणि पडल्यावर परवडेल असे भाडे, या दोन गोष्टी एकत्र मिळणे फार दुर्मीळ असते.

3 जानेवारी 1987 रोजी अरविंद देशपांडे गेले. वय पंचावन्नच्या आसपास. या माणसाने दिग्दर्शक म्हणून जेवढे केले त्याहून जास्त दुसऱ्यांना करू दिले. दरम्यान, 1978 मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर सुरू झाले होते, 1980 मध्ये नरिमन पॉइंटला टाटा थिएटर. छोट्या नाटकांना आता दुसऱ्या जागाही होत्या, पण दादरच्या माणसाला जुहू लांब आणि नरिमन पॉइंट तर त्याहून लांब. नव्वदच्या सुमारास छबिलदासचा हॉल ‘आविष्कार’च्या हातून गेला.

पुढची जागा पुन्हा एक शाळाच निघाली, माहीमची, महापालिकेची. तिथे तालमी होत, प्रयोग होत, शिबिरे होत. दुबेच्या हाताखाली घडलेला चेतन दातार ‘आविष्कार’च्या या पर्वातला महत्त्वाचा लेखक-दिग्दर्शक. 2008 मध्ये तो फार अकाली गेला. 1994 मध्ये ‘आविष्कार’ने महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटके चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली एका दिवसात, सलग, जवळजवळ नऊ तासांच्या प्रयोगात केली. कोणत्या हिशोबाने हे व्यावसायिक निर्मात्याला सुचले असते? दोन दशके छोट्या हॉलमध्ये स्वतःचा प्रेक्षक जमवलेल्या संस्थेलाच दिवसभर बसणारी माणसे आहेत याची खात्री असू शकते.

अरविंद देशपांड्यांच्या नावाने ‘आविष्कार’ने जानेवारीत स्मृती महोत्सव सुरू केला. सुलभाताई 2016 पर्यंत होत्या आणि शेवटपर्यंत मुलांच्या तालमींत रमत. माहीमच्या शाळेत तो महोत्सव वर्षानुवर्षे होत राहिला. कोल्हापूर, सोलापूर, नगरकडच्या, मुंबईत कुणी नाव न ऐकलेल्या संस्था अशा महोत्सवाची वाट पाहतात, कारण नाव नसलेल्याला मुंबईत तारीख मिळण्याचे रस्ते अजूनही मोजकेच आहेत.