‘आक्रोश’: मौन, स्मृती आणि न्याय

हत्येवर आधारलेल्या चित्रपटाचा आरंभीचा प्रश्न सामान्यतः ‘खुनी कोण?’ हा असतो. गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘आक्रोश’ (१९८०) या हिंदी चित्रपटात या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाला मिळते, परंतु न्यायालयाच्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. विजय तेंडुलकर यांच्या कथा-पटकथेचे मर्म या विसंगतीतच आहे.

लहान्या भिकू या आदिवासीवर पत्नी नागी हिच्या खुनाचा आरोप आहे. वस्तुतः गावातील सत्ताधाऱ्यांनी तिच्यावर अत्याचार करून तिला ठार केलेले असते. भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील लहान्याचा बचाव करावयास येतो. लहान्या मात्र त्याच्याशीही एक अक्षर बोलत नाही. सरकारी वकील दुसाने हे स्वतः आदिवासी असून भास्करचे गुरुस्थानीही आहेत. सारांश, सत्य ज्यांना ठाऊक आहे ते बोलू शकत नाहीत, आणि जे बोलू शकतात त्यांच्याजवळ पुरावा नाही.

येथे कायद्याची भूमिका लक्षात घेतली पाहिजे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ अन्वये आरोपीला उत्तर न देण्याची मुभा होती. कलम २७९ नुसार त्याला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याच्या भाषेत समजावून देणे आवश्यक होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तत्त्वे कायम आहेत. मौन हा आरोपीचा अधिकार खरा. परंतु भीतीपोटी पत्करलेले मौन हा अधिकाराचा वापर नव्हे. कायद्याला या दोहोंतील भेद ऐकू येत नाही.

चित्रपटातील गाव नंदुरबारचे नव्हे. तरीही हा प्रश्न या जिल्ह्याला परका नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिलोरी, पावरी, मावची बोलणाऱ्या माणसाची स्मृती एका भाषेत आणि तिची जबानी दुसऱ्या भाषेत, अशी स्थिती येथे सहज संभवते. मात्र या भूमीत दुसरेही एक उदाहरण आहे. शहादा तालुका धुळे जिल्ह्यात असताना, १९७२ साली, तेथे श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, स्त्रियांवरील अत्याचार हे विषय तिच्यामुळे सभेत उघडपणे मांडले जाऊ लागले, आणि दारूबंदीच्या लढ्यात आदिवासी स्त्रिया अग्रभागी राहिल्या. एकट्याने सांगण्यास जे धोक्याचे, ते अनेकांनी मिळून सांगितले.

लहान्याला असा समूह लाभत नाही. पित्याच्या अंत्यविधीसाठी बेड्यांसह आणला गेला असता, नागीचे भोग आपल्या बहिणीच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून तो तिचाच कुऱ्हाडीने वध करतो आणि मग प्रथमच त्याच्या कंठातून आक्रोश फुटतो. तो आवाज साक्ष ठरत नाही. त्यातून नव्या खटल्यापुरता पुरावा तेवढा उरतो. स्मृतीला साक्षीचे रूप यावयाचे तर सांगणाऱ्याच्या पाठीशी आधी कोणीतरी उभे असावे लागते, आणि ही गोष्ट न्यायालयाच्या पायरीपूर्वीच घडावी लागते.