कोरियातील हिवाळा

मुलांनो, समजा, तुमचे मामू नोकरीसाठी दक्षिण कोरियात गेले आहेत. मुमानीही त्यांच्याबरोबर आहेत. राजधानी सोलच्या दक्षिणेला सुवॉन नावाचे शहर आहे. तेथे एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर त्यांचे घर आहे. मालेगावच्या उन्हात वाढलेल्या या दोघांना तेथला पहिला हिवाळा काढायचा आहे. तो कसा काढतात, ते आपण पाहू.

आपल्याकडे निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला, की वर्तमानपत्रांत बातमी येते. सोलमध्ये जानेवारी महिन्याचे सरासरी तापमानच शून्याच्या खाली असते. थंडीची लाट आली, की पहाटे पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत जातो. असे का होते? कोरिया हा समुद्रात शिरलेला भूभाग आहे. तीन बाजूंना पाणी असूनही तेथे एवढी थंडी पडते, कारण हिवाळ्यात वारा समुद्रावरून येत नाही. तो वायव्येकडून, सायबेरियाच्या गोठलेल्या मैदानांवरून येतो. हा वारा थंड तर असतोच, शिवाय कोरडाही असतो. ओठ फुटतात, हातांची कातडी उलते. कोरियातील जुने लोक म्हणत, की थंडी तीन दिवस कडक असते आणि पुढचे चार दिवस सौम्य असते. आता ती इतका हिशेब पाळत नाही. पण थंडी लाटांनी येते, हे मात्र खरे.

एवढ्या थंडीत घर उबदार कसे राहते? युरोपातील लोक भिंतीजवळ शेकोटी पेटवत. कोरियातील लोकांनी जमीनच तापवली. या पद्धतीला ‘ओंदोल’ म्हणतात. जुन्या घरात स्वयंपाकघर खोलीपेक्षा थोडे खाली असे. चुलीवर भात शिजे आणि त्याच चुलीचा धूर व गरम हवा खोलीच्या जमिनीखालून जाई. जमिनीखाली दगडी नाल्या असत आणि त्यांवर सपाट दगड बसवलेले असत. त्यांवर मातीचा थर आणि वर तेल लावलेला जाड कागद. धूर पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. एका जाळात जेवणही होई आणि घरही तापे. चुलीजवळची जागा सर्वांत गरम. ती घरातील वडीलधाऱ्यांना किंवा पाहुण्यांना देत.

मामू-मुमानींच्या घरात अर्थात चूल नाही. तेथे गॅसवर चालणारा बॉयलर आहे. तो पाणी तापवतो आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरते. पद्धत नवी, पण कल्पना तीच. म्हणूनच कोरियातील लोक घरात शिरताना दारातच बूट काढतात, जमिनीवर बसतात, अनेक जण जमिनीवरच गादी घालून झोपतात. आपल्या माणसाला हे घर लवकर आपले वाटते. दस्तरखान अंथरून जेवायला बसावे, तर खालची जमीन गरम! सकाळी न्याहरीच्या वेळी मामूंना तेथून उठावेसे वाटत नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

परंतु या उबेला एक धोका आहे आणि तो तुम्हीही समजून घेतला पाहिजे. लाकूड महाग झाले, तेव्हा कोरियात कोळशाच्या भुकटीच्या वड्या वापरू लागले. ही वडी गोल, डब्यासारखी असते आणि तिला आरपार भोके असतात. तिला ‘योनतान’ म्हणतात. ती स्वस्त असे आणि रात्रभर जळत राही. मात्र कोळसा पुरेशा हवेशिवाय जळला, की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, झोप येते. आणि झोपलेला माणूस उठतच नाही. जमिनीला पडलेल्या एखाद्या भेगेतून हा वायू खोलीत येई. १९६० ते १९८० या काळात कोरियातील किती तरी माणसे अशी झोपेतच गेली. लोक शुद्ध हरपलेल्या माणसाला आंबवलेल्या मुळ्याचे थंड पाणी पाजत. त्याने काही होत नसे. खरा उपाय म्हणजे माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत नेणे आणि दवाखाना गाठणे.

गॅसचा बॉयलर असला, तरी सावध राहावेच लागते. डिसेंबर २०१८ मध्ये गांगनुंग येथे सहलीला गेलेले शाळेचे दहा विद्यार्थी एका भाड्याच्या घरात उतरले होते. त्या घरातील बॉयलरचा धूर बाहेर नेणारा नळ निसटलेला होता. तीन मुले दगावली. त्यानंतर नव्या गॅस बॉयलरबरोबर धोक्याची सूचना देणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. आपल्याकडेही थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यामुळे, किंवा बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे असेच मृत्यू होतात. तुमच्या घरी शेगडी पेटत असेल, तर झोपण्यापूर्वी ती बाहेर ठेवा. गीझर गॅसचा असेल, तर खिडकी उघडी आहे ना, ते आधी पाहा.

नव्या माणसाला आणखी एक गोष्ट शिकावी लागते. चार दिवस गावाला जायचे, म्हणून आपण घरातील सगळी बटणे बंद करतो. कोरियात कडक थंडीत बॉयलर पूर्ण बंद करून गेले, तर नळ्यांतील पाणी गोठते. पाण्याचा बर्फ झाला, की तो अधिक जागा व्यापतो आणि नळी फुटते. म्हणून बॉयलरला ‘बाहेर गेलो आहोत’ असे सांगणारे वेगळे बटण असते. अतिशय थंड रात्री लोक नळ बारीक धारेने चालू ठेवतात, कारण वाहते पाणी सहज गोठत नाही. इमारतीतील ध्वनिक्षेपकावरून सूचना येते, की सज्जातील धुलाई यंत्र आज लावू नका. खालचा नळ गोठलेला असला, तर तुमच्या कपड्यांचे पाणी खालच्या शेजाऱ्याच्या सज्जात साचते आणि तेथे त्याचा बर्फ होतो! सूचना कोरियन भाषेत असते. ती कळावी, म्हणून मुमानी आधी एवढे शब्द शिकतात. दुसऱ्या भाषेचा अभ्यास काय कामाचा, असे विचारणाऱ्याला हे उदाहरण सांगावे.

नोव्हेंबरच्या अखेरीस इमारतीत एक वेगळीच गडबड दिसते. घरोघरी कोबीचे ढीग येतात. हा कोबी आपल्या कोबीसारखा गोल नसतो, लांबट असतो. तो मिठात मुरवतात, धुतात आणि त्याच्या पानापानांत लाल मिरची, लसूण, आले, मुळा, कांद्याची पात आणि खारवलेली कोळंबी यांचा मसाला भरतात. ही किमची. पूर्वी हिवाळ्यात भाजी मिळत नसे, म्हणून चार महिन्यांची बेगमी एकदाच करत आणि मातीचे रांजण अंगणात पुरून ठेवत. जमिनीखाली थंडी ना फार कमी, ना फार जास्त. आता त्यासाठी खास शीतकपाट असते. हे काम एकट्याने होत नाही. शेजारणी व नातेवाईक एकत्र बसतात आणि तयार झालेली किमची वाटून घेतात. या एकत्र येण्याला ‘किमजांग’ म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याची मानवजातीच्या वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्याकडे उन्हाळ्यात शेजारणी मिळून पापड-कुरडया करतात, तसेच हे. शेजारच्या आजीबाईंनी मुमानींना हाक मारली, तर भाषा येत नसली तरी हात चालतातच.

आता थोडे बाहेर फिरू. रस्त्यावर गाड्या लागलेल्या असतात. एका गाडीवर तापलेल्या पिंपात भाजलेली रताळी मिळतात. ज्याला तुम्ही घरी शकरकंद म्हणता, तेच हे. दुसरीकडे माशाच्या आकाराची पोळी असते. तिच्यात मासा नसतो, गोड लाल घेवड्याचे पुरण असते! लोकांच्या खिशात एक छोटी पुडी असते. ती उघडून हलवली, की गरम होते. आत लोखंडाची भुकटी असते. हवा लागली, की लोखंड गंजू लागते आणि गंजताना उष्णता बाहेर पडते. एरवी गंज आपल्याला नकोसा. येथे तोच हात शेकतो.

शुक्रवारी सुट्टी मिळाली, तर मामू सोलच्या मोठ्या मशिदीत जातात. ही मशीद १९७६ मध्ये सुरू झाली. तिच्या आसपासच्या गल्ल्यांत हलाल मांसाची दुकाने आणि आपल्याकडची डाळ, मसाले मिळतात. डिसेंबरमध्ये सूर्य संध्याकाळी सव्वापाचलाच मावळतो. म्हणून जोहर, असर आणि मगरिब या तिन्ही नमाजांच्या वेळा कचेरीच्या कामाच्या वेळेतच येतात. रमजान ऐन हिवाळ्यात आला, तर रोजा सुमारे अकरा तासांचा असतो. जूनमध्ये आला, तर सोळा तासांहून मोठा.

मशिदीपासून थोड्याच अंतरावर ‘सोबिंग्गो’ नावाची वस्ती आहे. या नावाचा अर्थ ‘पश्चिमेकडील बर्फाचे कोठार’. जुन्या राजांच्या काळात हान नदी गोठली, की तिचा बर्फ कापून कोठारात भरून ठेवत आणि उन्हाळ्यात वापरत. कोठार गेले, नाव राहिले.

जानेवारीत दोघे ह्वाचोन येथे जातात. हे गाव उत्तर कोरियाच्या सीमेजवळ डोंगरांत आहे. २००३ पासून तेथे बर्फावरचा उत्सव भरतो. गोठलेल्या नदीला हजारो भोके पाडतात आणि लोक त्यांत गळ सोडून बसतात. काही जण तर पोटावर झोपून भोकात डोळा लावतात. वर बर्फ असताना खाली मासा जिवंत कसा? पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते. ते तळाशी जाते, बर्फ हलका म्हणून वर तरंगतो आणि तो चादरीसारखा खालच्या पाण्याची थंडी वाढू देत नाही. बर्फ निदान वीस सेंटीमीटर जाड झाल्याशिवाय लोकांना त्यावर सोडत नाहीत. २०२० मध्ये थंडी कमी पडली, पाऊसही झाला आणि उत्सव लांबवावा लागला. त्या गावाची वर्षाची कमाई या काही आठवड्यांवर अवलंबून असते. आपल्या शेतकऱ्याने ढगाकडे पाहावे, तसे तेथील लोक बर्फाकडे पाहतात.

फेब्रुवारी संपत येतो. वारा दिशा बदलू लागतो, बॉयलरचा आकडा रोज थोडा खाली येतो. नोव्हेंबरात भरलेली किमची एव्हाना चांगलीच आंबलेली असते. ती नुसती खाववत नाही. कोरियातील बायका तिचा झणझणीत रस्सा करतात. मुमानी त्यात डब्यातला टूना मासा घालतात आणि वर आपली कोथिंबीर पेरतात.