खेळ मध्येच का थांबतो?

संगणकावर खेळ ऐन रंगात आलेला असतो आणि एकाएकी पडदा काळा होतो. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू केले तर ते बिनतक्रार चालते. पण दहापंधरा मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार! गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका वर्गमित्राच्या घरी असेच घडू लागले. वडील म्हणाले, दोष खेळाचा. दुकानदार म्हणाला, ग्राफिक्स कार्ड नवे घ्या. तो खर्च त्या घराला झेपणारा नव्हता. आणि मित्राच्या थोरल्या ताईंचे वास्तुकलेचे आराखडे त्याच संगणकावर तयार होत असल्याने प्रश्न केवळ खेळाचाही नव्हता. म्हणून आम्ही तिघांनी दोष शोधून काढण्याचे ठरवले. त्यातून जे शिकलो ते येथे सांगत आहोत.

प्रथम या कार्डाचे काम समजून घेऊ. पडद्यावरील चित्र लक्षावधी ठिपक्यांचे बनलेले असते. खेळ चालू असताना ते चित्र सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा नव्याने काढावे लागते. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचे गणित कार्डावरील चिप करते, आणि त्यासाठी लागणाऱ्या विजेची अखेर जवळजवळ सर्व उष्णताच होते. 2016 साली बाजारात आलेले जीटीएक्स 1060 हे कार्ड घ्या. त्याला पूर्ण भाराखाली सुमारे 120 वॅट वीज लागते. म्हणजे जुन्या 100 वॅटच्या दिव्याहूनही अधिक. यातील बहुतेक उष्णता अवघ्या 2 चौरस सेंटिमीटरच्या चिपमध्ये निर्माण होते. ती बाहेर नेण्यासाठी चिपवर धातूच्या पातळ पत्र्यांची रांग बसवलेली असते आणि पंखे त्या पत्र्यांतून वारा घालतात.

ही वाट कोठे अडली तर काय होते? कार्ड प्रथम आपला वेग कमी करते, त्यामुळे खेळ अडखळू लागतो. तरीही तापमान चढतच राहिले तर जळून जाण्यापूर्वी ते काम थांबवते. जीटीएक्स 1060 ची कमाल मर्यादा 94 अंश सेल्सिअस आहे. अन्य कार्डांची निराळी असते. तेव्हा काळा पडदा हा पुष्कळदा रोग नसून कार्डाने स्वतःच्या रक्षणार्थ केलेली तजवीज असते.

परंतु हे अनुमानाने ठरवू नये, मोजून पाहावे. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखे विनामूल्य प्रोग्रॅम कार्डाचे तापमान दाखवतात. आम्ही वही घेऊन दर मिनिटाला आकडे टिपले. यंत्र स्वस्थ असताना 49 अंश. खेळ सुरू होताच 70, मग 80, आणि बाराव्या मिनिटाला 93 वर पडदा काळा! नंतर ताईंचा आराखडा रंगवून पाहिला, तेव्हाही 93 वरच यंत्र थांबले. खेळ निर्दोष ठरला. जर 60-65 अंशांवरच यंत्र बंद पडते, तर आम्ही कार्डाचा ड्रायव्हर किंवा वीज पुरवणारा पॉवर सप्लाय तपासला असता.

मग उपाय सुरू केले. मात्र एका वेळी एकच, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. पेटीची बाजूची झडप उघडताच तापमान 89 वर अडले. म्हणजे आत हवा कोंडत होती, पण तेवढेच कारण नव्हते. तेव्हा संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, अंगातील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या धातूला हात लावला आणि कार्ड बाहेर काढले. पत्र्यांवर धुळीची गादी साचली होती! गोधडी आपली ऊब जशी राखून ठेवते, तशी ती कार्डाची उष्णता राखून ठेवत होती. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशाने ती काढली. पाती धरणे अगत्याचे आहे. जोराच्या वाऱ्याने ती भरधाव फिरली तर पंखा बिघडू शकतो. झडप लावून पुन्हा खेळलो, तो आकडा 80 वर स्थिरावला. पुढे खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रांची मर्यादा सेकंदाला साठ केली, आणि तो 73 वर आला.

इतक्याने भागले नसते, तर चिप व पत्रे यांमधील वाळलेला लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, बदलावा लागला असता. ते काम जाणत्याच्या देखरेखीखाली करावे, आणि वॉरंटी असेल तर कार्ड उघडूच नये. आणखी एक सूचना : पुष्कळ कार्डांचे पंखे भार नसताना मुद्दामच थांबलेले असतात. तो बिघाड समजू नये.

हा त्रास उन्हाळ्यातच का सुरू झाला, तेही आता उमगले. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळजवळ तितकेच अधिक तापते. आमच्या बडोद्याच्या मे महिन्याने धुळीचे काम पुरे केले होते.

ताईंचे आराखडे वेळेवर पूर्ण झाले. खर्च झाला तो एका ब्रशाचा. मित्राच्या वडिलांनी खेळाला अद्याप क्षमा केलेली नाही. पण तापमानाची ती वही त्यांनी स्वतः मागून घेऊन वाचली, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत संगणकाची पेटीही उघडावयाची, असे ठरवून टाकले.