उत्तरभाग आणि रसिकनिष्ठा

उत्तरभाग फसला म्हणून मूळ कृतीवरील प्रेम सोडावे काय? महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) आम्हांस प्रिय. वीस वर्षांनी, २०१३ साली, ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला. तात्या विंचू होता, दिलीप प्रभावळकर होते; परंतु लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच निवर्तले होते. आम्ही खिन्न होऊन परतलो. बाहुला पडद्याबाहेर झेपावत होता, पण त्याला भिणारा लक्ष्या कोठे होता? विचारांती उमगले, की भय आणि हास्य ज्या भाबड्या चेहऱ्यावर एकत्र नांदत, तोच मूळ चित्रपटाचा प्राण होता. उत्तरभागाने त्याचे मोल घटविले नाही. उलट आम्हांस ते दाखवून दिले. निष्ठा म्हणजे दोषांकडे डोळेझाक नव्हे. सिल्वासातील आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगतो: नापसंती स्पष्ट बोलावी, ऋण मात्र विसरू नये.