बाळ पायाळू आहे? घाबरू नका, तपासणी चुकवू नका

दिवस भरत आलेल्या सुनेचा विषय निघाला की आमच्या एरंडोलच्या वस्तीतल्या आजीबाई एक शब्द हळूच उच्चारतात: पायाळू. पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, त्याची लाथ लागली की पाठीतली उसण जाते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. यातले काहीच खरे नाही. पायाळू बाळंतपणातला धोका मात्र खरा आहे, आणि तो आधी कळू शकतो.

तिसरा महिना संपताना बाळ जेमतेम ६ सेंटिमीटरचे असते. पाचव्या महिन्याच्या आसपास आईला त्याची हालचाल जाणवते. सातव्या महिन्याच्या शेवटी, म्हणजे २८ आठवड्यांना, वजन साधारण १ किलो भरते. तोवर पोटातल्या पाण्यात जागा भरपूर असते आणि बाळ कोलांट्या मारते. त्या वेळी दर चार-पाच बाळांत एकाचे डोके वर असते. म्हणून तेव्हाच्या सोनोग्राफीत 'ब्रीच' लिहिलेले दिसले तरी रडत बसू नये. पुढे जागा कमी पडते आणि बहुतेक बाळे ३६ आठवड्यांपर्यंत डोके खाली करतात. दिवस भरल्यावर शंभरात तीन-चारच पायाळू राहतात.

यात आईचा दोष नसतो. जुळे असणे, पाणी कमी-जास्त होणे, वार खाली असणे, गर्भाशयाचा आकार ही कारणे असू शकतात; पुष्कळदा कारण सापडतही नाही. ग्रहणात भाजी चिरली किंवा उंबऱ्यावर बसली म्हणून बाळ उलटे होत नाही. सुनेला बोल लावू नका.

धोका कशात आहे? बाळाचे डोके सर्वांत मोठे. अंग आधी बाहेर आले तर डोके अडकू शकते. नाळ आधी घसरली तर ती दाबली जाऊन बाळाचा प्राणवायू तुटतो. बाळ आडवेच राहिले तर ऑपरेशनशिवाय बाळंतपण होत नाही. पोट चोळून बाळ फिरवायला कोणालाही देऊ नका. वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो. तज्ज्ञ डॉक्टर काही वेळा ३६-३७ आठवड्यांनंतर बाहेरून बाळ फिरवतात, पण ते दवाखान्यात, बाळाचे ठोके तपासत आणि ऑपरेशनची तयारी ठेवून.

मग काय करायचे? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. कापूस वेचणीचा दिवस बुडाला तरी चालेल, ही तारीख बुडवू नका. नवव्या महिन्यात स्वतः विचारा, "बाळाचे डोके खाली आहे का?" नसेल, तर ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेला दवाखाना आशाताईंच्या मदतीने आधीच ठरवा. सरकारी दवाखान्यात सिझेरियनही मोफत होते.

पाणी गेले तर कळांची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि कुशीवर झोपवून न्या. बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दाखवा.